छातीखालचं भोपाळ

भोपाळ म्हटलं की आपल्याला डोळे आणि फुप्फुसं आठवतात. 2 आणि 3 डिसेंबर 1984 यांच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं आणि झोपलेली माणसं डोळे चोळत, खोकत, मिळेल त्या दिशेला धावली. हमीदिया रुग्णालयाच्या आवारातले ते फोटो आपण पाहिलेले आहेत. पुढे औषधं, तपासण्या, चर्चा हे सगळंही प्रामुख्याने त्या दोन अवयवांभोवतीच फिरत राहिलं. धावणाऱ्यांमध्ये निम्म्या बायका होत्या. त्यांना ओटीपोट होतं, पाळी होती, कित्येकींच्या पोटात मूल होतं, याची दखल घ्यायला वेगळी माणसं यावी लागली.

त्यातल्या एक आपल्या ओळखीच्या. डॉ. राणी बंग यांनी तेव्हा गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केलेली नव्हती. ती 1986ची गोष्ट. 1985च्या सुरुवातीला त्या आणि डॉ. मीरा सदगोपाल भोपाळच्या गॅसग्रस्त वस्त्यांत गेल्या. मीराताई तेव्हा होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती या संस्थेबरोबर काम करत. पुढे त्या पुण्यात आल्या आणि ‘तथापि’मधून स्त्रियांच्या शरीरसाक्षरतेचं काम त्यांनी केलं. त्या वस्त्या म्हणजे कारखान्याच्या अगदी समोरचं जेपी नगर, आणि जवळचाच काझी कॅम्प. या दोघींनी बायकांना नुसतं विचारलं नाही, आतून तपासलंही. त्यांच्या पाहणीत 94 टक्के बायकांना अंगावरून पांढरं जात होतं आणि 79 टक्के बायकांच्या ओटीपोटातल्या अवयवांना सूज होती. पाळीत रक्तस्राव वाढलेला, अंगावर पाजणाऱ्यांचं दूध आटलेलं, अशा तक्रारी वेगळ्याच. स्त्रीरोगांची साथ आली आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

अशा आकड्यांना वैद्यकीय वर्तुळात एक ठरलेलं उत्तर असतं: झोपडपट्टीतल्या बायकांना असं असतंच. दारिद्र्य, अस्वच्छता, बाळंतपणं, क्षय. गॅसचा काय संबंध? या उत्तराची ताकद अशी की ते पूर्ण खोटं नसतं. म्हणूनच या दोघींनी गॅस न पोहोचलेल्या वस्तीतल्या बायकाही तपासल्या होत्या. तक्रारी तिथेही होत्या, पण प्रमाण पुष्कळ कमी होतं.

आता पुढची गंमत पाहा, खरं तर गंमत म्हणवत नाही. चार वर्षांनी, जानेवारी 1989मध्ये, ‘लॅन्सेट’मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास आला. 650 बायका तपासल्या. 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरी प्रत्येकीला साडेतीनहून जास्त. यापूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. गडचिरोलीत कुठला गॅस? म्हणजे ‘असं असतंच’ म्हणणाऱ्यांच्या हाती, हवं तर, त्याच डॉक्टरीणबाईंचा दुसरा आकडा आयता आला. दोन आकडे एकमेकांना खोडत नाहीत, हे खरं. एक एका लक्षणाचा आहे, दुसरा सगळ्या रोगांचा मिळून. पण दोन्ही शेजारी ठेवले की दिसतं ते असं: भरपाईसाठी बाईला सिद्ध करावं लागतं की माझं दुखणं गॅसचं आहे, गरिबीचं नाही. उपचारासाठी हे सिद्ध करायची गरज काय? दुखणारं ओटीपोट तेच असतं. माझ्या मते भोपाळमध्ये नंतर जे काही चांगलं उभं राहिलं, ते या प्रश्नात न अडकलेल्या माणसांनी उभं केलं.

मेडिको फ्रेंड सर्कल हा त्यांतलाच एक गट. त्यात डॉ. अनंत फडके यांच्यासारखे पुण्याचे कार्यकर्ते होते. या गटाने 1985मध्येच भोपाळमध्ये आरोग्यपाहण्या केल्या आणि गरोदर बायकांवर झालेल्या परिणामांचा अहवाल 1990मध्ये काढला. डॉ. दया वर्मा यांच्या अभ्यासात कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आतल्या 865 गरोदरपणांपैकी 43 टक्क्यांहून अधिक गरोदरपणांत जिवंत मूल जन्मालाच आलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन अभ्यास मात्र 1994मध्ये थांबले. त्या वेळी त्या रात्री तान्ह्या असलेल्या मुलींना पाळी यायचं वयही जेमतेम होत होतं.

1996मध्ये संभावना ट्रस्टचा दवाखाना सुरू झाला. त्यामागचे सतीनाथ सारंगी धातुशास्त्राचे अभियंते. दुर्घटनेची बातमी ऐकून मदतीला आले, ते भोपाळचेच झाले. त्याआधी जून 1985मध्ये, कारखान्याच्याच आवारात कार्यकर्त्यांनी एक जन स्वास्थ्य केंद्र उघडून विषावर उतारा म्हणून सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली होती. त्याच महिन्यात पोलिसांनी छापा घालून ते बंद पाडलं. संभावनेला हा इतिहास होता. म्हणून सरकारी पैसा नको, कंपनीचा तर नकोच, असं ठरलं. पैसा आला तो सामान्य माणसांकडून, बराचसा ब्रिटनमधून, वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून पाठवलेल्या देणग्यांतून. भोपाळवरचं पुस्तक लिहिणारे फ्रेंच लेखक दोमिनिक लापिएर यांनी आपलं मानधन या दवाखान्याला दिलं.

2005मध्ये दवाखाना बैरसिया रोडजवळच्या स्वतःच्या इमारतीत आला. मागे औषधी वनस्पतींची बाग आहे, त्यातून औषधं तिथेच तयार होतात. उपचार फुकट. गॅस लागलेल्यांना, आणि कारखान्याच्या विषाने खराब झालेलं भूजल वर्षानुवर्षं प्यायलेल्यांनाही. या पाणीबाधितांना सरकारदरबारी ‘गॅसग्रस्त’ ही ओळखही नव्हती, हे लक्षात घेतलं तर या एका ओळीचं वजन कळेल. काम करणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतःच गॅसपीडित. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करणारा स्त्रीरोग विभाग, ॲलोपॅथीचे डॉक्टर, पंचकर्म, योग हे सगळं एका छपराखाली. बाई खोकल्यासाठी येते, पाळीचं सांगते, मग कंबरेचं, मग झोप लागत नाही हे सांगते. मोठ्या रुग्णालयात याचे चार केसपेपर होतात आणि चार पिशव्या गोळ्या. गॅसपीडितांनी वर्षानुवर्षं प्रतिजैविकं, स्टेरॉइडं आणि वेदनाशामकं मुठीने खाल्ली, ही संभावनेची पहिल्यापासूनची तक्रार आहे, आणि तिथला सगळा कारभार त्या तक्रारीतून घडला आहे.

संभावना हे काही ओटीपोटाच्या दुखण्याचं खास केंद्र नव्हे. पण एकाच बाईचा श्वास, कंबर, पाळी आणि भीती एकत्र बघायची ही रीत आज जगभर ज्या दुखण्यांसाठी धरली जाते आहे, त्यांत जुनाट ओटीपोटदुखी आणि व्हजायनिस्मस अग्रभागी आहेत. कारण शरीररचनेत आहे. कटीच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. श्वास घेताना वरचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली येतो आणि ही झोळीही किंचित सैल होऊन खाली जाते. सोडताना दोन्ही वर. खोकला आला की झोळीवर एकदम दाब येतो. ज्या बाईला खोकला वर्षानुवर्षं सुटत नाही, जी धाप लागू नये म्हणून छातीच्या वरच्या टोकानेच श्वास घेते, तिचे हे स्नायू एक तर थकून ढिले पडतात, नाही तर कायम आवळलेले राहतात. भोपाळची छाती आणि भोपाळचं ओटीपोट एवढी जवळची आहेत.

व्हजायनिस्मसमध्ये योनिमार्गाभोवतीचे स्नायू बाईच्या इच्छेविरुद्ध आवळले जातात. संबंध अशक्य होतात किंवा जीवघेणे दुखतात. कधी डॉक्टरांची तपासणीही होऊ शकत नाही. डोळ्यासमोर हात आला की पापणी मिटते, त्या जातीची ही क्रिया. कारणं अनेक: जुना संसर्ग, बाळंतपणातली जखम, बळजबरी, पहिल्या रात्रीची ऐकीव भीती, आणि कधी सांगता येईल असं कोणतंच नाही. या दुखण्याला 1861मध्ये नाव दिलं ते मॅरियन सिम्स या अमेरिकन शल्यविशारदाने, आणि उपाय म्हणून त्याने शस्त्रक्रिया सुचवली. अमेरिकेत गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रिया करणारा हाच तो माणूस. पुढे मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 1970मध्ये जोडप्याला बरोबर घेऊन, क्रमाक्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या नळ्यांनी सवय करण्याची पद्धत मांडली. 2013मध्ये अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या वर्गीकरणाने व्हजायनिस्मस आणि संबंधातल्या वेदना एकाच निदानाखाली आणल्या, कारण भीती कुठे संपते आणि दुखणं कुठे सुरू होतं हे वेगळं काढणं अवघड होतं.

आपल्याकडे हे निदान होण्याआधी पुष्कळदा लग्न मोडतं. ‘मुलीत दोष आहे’ असं माहेरी कळवलं जातं, आणि माहेर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेतं. तिथे ‘जरा सहन कर, सैल सोड अंग’ एवढाच सल्ला मिळाला, तर त्या बाईचं शरीर आणखी घट्ट होतं. गॅसग्रस्त वस्त्यांतल्या मुलींची लग्नं आधीच अडत होती, मूल होईल का या शंकेने. अशा घरात ‘आत दुखतं’ हे कोण कोणाला सांगणार?

चांगला उपचार बहुतेक वेळा हात न लावता सुरू होतो. फिजिओथेरपिस्ट पोटातून श्वास घ्यायला शिकवते, मांड्या, नितंब, जबडा सैल करायला लावते, आरशात पाहून आपली रचना ओळखायला सांगते. स्वतःचं बोट, मग लहान नळी, मग मोठी. वेग बाईने ठरवायचा, थांबवायचा अधिकार तिचा. सोबत समुपदेशन, नवऱ्यालाही. संसर्ग असेल तर त्याचं औषध आधी. योगाचा उपयोग होतो, पण कुठल्या योगाचा हे पाहावं लागतं. आवळलेल्या स्नायूंच्या बाईला मूलबंध किंवा केगलसारखे तेच स्नायू आवळायचे व्यायाम देणं म्हणजे दुखण्याला खतपाणी. शशांकासन, बद्धकोणासन, लांब उच्छ्वास हे त्या मानाने बरे. टीव्हीवर बघून ‘खालचे स्नायू मजबूत करा’ म्हणणाऱ्या सगळ्यांना हे ऐकवायला हवं.

पंचकर्माबद्दल मी थोडी सावध आहे. कोमट तेलाचा अभ्यंग आणि वाफ यांनी आखडलेलं अंग सैल होतं, बाईला तासभर कोणी तरी मायेने हात लावतं, आणि ज्या घरात तिच्या वाट्याला तो हात कधी आला नाही तिथे हे लहानसं नाही. पण त्याने शरीरातलं विष निघून जातं, हा दावा मला पटत नाही. तो पटला नाही म्हणून दवाखाना कमी मोलाचा ठरत नाही. सूज, जंतुसंसर्ग, गर्भाशयमुखातले बदल यांसाठी तिथे सूक्ष्मदर्शक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ लागतातच, आणि संभावनेने ते ठेवले. दोन्हींची गल्लत न करणं हे नुसतं आयुर्वेद किंवा नुसतं ॲलोपॅथी चालवण्यापेक्षा कठीण काम आहे.

देणग्यांवर चालणाऱ्या अशा जागेचा जीव मोठा नसतो. परदेशी देणगीच्या परवान्याच्या अडचणींचा फटका देशातल्या अनेक संस्थांप्रमाणे संभावनेलाही बसला. मुंबई-पुण्यात आता ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट सापडतात, पण त्यांच्याकडे अनेक आठवडे जावं लागतं आणि प्रत्येक वेळेचे पैसे मोजावे लागतात. जेपी नगरातली बिड्या वळणारी किंवा चार घरची भांडी घासणारी बाई तो खर्च करू शकत नाही. तिच्यासाठी चालत जाण्याच्या अंतरावर, फुकट, आणि खोकल्यापासून ओटीपोटापर्यंत सगळं एकाच खोलीत ऐकून घेणारी बाई-डॉक्टर असली तरच उपचार सुरू होतो. आणि ते ऐकून घेतल्यावर दर आठवड्याला बोलावून श्वास व सैलावणं शिकवायला एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट लागते. गॅस राहत या सरकारी विभागाच्या प्रत्येक रुग्णालयात अशी एक जागा भरणं सरकारला जड नाही.