हिरवी टिप्पणी, पिवळी टिप्पणी

21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. पाच माणसे दगावली, कित्येक नस्त्यांची, म्हणजे फायलींची, राख झाली. कागदी नस्ती एका वेळी एकाच ठिकाणी असते, हीच तिची अडचण. तिथे ती जळते, भिजते किंवा नुसतीच ‘सापडत नाही’.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने घडवलेली ‘ई-ऑफिस’ ही संगणकावरच्या नस्त्यांची प्रणाली आज केंद्राच्या मंत्रालयांत आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत वापरली जाते. आलेले टपाल स्कॅन होते, त्याला क्रमांक पडतो, ते कार्यासनाकडे जाऊन नस्तीत लागते आणि नस्ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशा पायऱ्या चढू लागते. उतरंड जुनीच. टिप्पणीच्या कागदाचा हिरवा रंगसुद्धा पडद्यावर जसाच्या तसा ठेवला आहे! पण इथे त्या रंगाला काम आहे. कच्चे लिखाण पिवळ्या टिप्पणीत होते. ते खोडावे, बदलावे, टाकून द्यावे. पक्के केले की टिप्पणी हिरवी होते आणि मग तिच्यातला शब्द लिहिणाऱ्यालाही बदलता येत नाही. मागाहून घुसडलेली ओळ, हळूच काढलेले पान, मागची तारीख घालून केलेली सही या कागदावरच्या जुन्या कला इथे चालत नाहीत. नस्ती कोणाकडे किती दिवस पडून आहे तेही दिसते. कागद वाचतो हे खरे, पण मला या दोन गोष्टी त्याहून मोठ्या वाटतात.

या प्रणालीतल्या डिजिटल सहीमागचे गणित तर थक्क करणारे आहे. दस्तऐवज दहा ओळींचा असो वा हजार पानांचा, एसएचए-256 या रीतीने त्याचा 256 बिटांचा ठसा निघतो. एक स्वल्पविराम हलवला तरी ठसा पार बदलतो. डिजिटल सही या ठशावर होते, म्हणून नंतरची ढवळाढवळ तपासणीत लगेच उघडी पडते. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला कायदेशीर मान्यता दिली.

खरी कसोटी जतनाची आहे. महाराष्ट्राच्या कार्यालयीन वर्गवारीत ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे आणि ‘ब’ वर्गाचे 30 वर्षे राखायचे असतात. पण 30 वर्षांनी ती फाइल उघडेल का? त्यासाठीच 2005 मध्ये पीडीएफ-ए हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात लागणारे फॉन्ट फाइलच्या पोटातच ठेवावे लागतात. बाहेरच्या कशावर अवलंबून राहायला मुभा नाही. मराठी कार्यालयांना फॉन्टचे हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको. युनिकोडपूर्वी मराठी मजकूर अनेकदा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेल्या फॉन्टांत टंकला जाई. तो फॉन्ट संगणकावर नसला, की शुद्ध मराठी पत्राच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ उमटतो, आणि त्यात ‘सातबारा’ शोधला तर हाती काही लागत नाही. अशा फायली युनिकोडमध्ये बदलून, जोडाक्षरे आणि रफार मूळ छापील प्रतीशी ताडून घ्यावे लागतात. म्हणजे तेवढ्यासाठी तरी कागद जपून ठेवणे आले.