मनाईची पाटी आणि एक खिडकी

काळोखात जाळीच्या कुंपणाला लटकवलेली एक पाटी: आत येण्यास मनाई आहे. ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ (१९४१) इथून सुरू होतो. पुण्यात अशा पाटीखाली आणखी चार ओळी असत्या, इथे तेवढंच. कॅमेरा ती वाचून न वाचल्यासारखी करतो आणि सरळ कुंपण चढू लागतो. जाळी, नक्षीचं लोखंडी काम, मग ‘के’ अक्षर मिरवणारं फाटक. पहिल्याच मिनिटाला आपण घुसखोर झालेलो असतो.

दूर टेकडीवर झनाडू हा महाल, त्यात एकच उजेडाची खिडकी. पुढे दृश्यं एकमेकांत विरघळत जातात: पिंजऱ्यातली माकडं, पाण्यावरच्या रिकाम्या होड्या, ओसाड गोल्फचं मैदान. प्रत्येक चौकटीत खिडकी मात्र पडद्यावर त्याच जागी असते. पाण्यात महालाचं प्रतिबिंब दिसतं तेव्हाही तो ठिपका हलत नाही! हा महाल कुठे बांधलेला नव्हता. रंगवलेली चित्रं आणि छोट्या प्रतिकृती यांतून तो उभा केला होता. म्हणून खिडकी हवी तिथे बसवता आली. आपली नजर तिला खिळते आणि आपण नकळत जवळ सरकत राहतो. बर्नार्ड हरमनचं संगीत खालच्या सुरांत घुमत असतं. अगदी जवळ पोचतो, तोच दिवा विझतो आणि संगीतही थांबतं.

मग बर्फ. बर्फातलं घर म्हणजे महालाचा मालक, म्हाताऱ्या केनच्या हातातला काचेचा गोळा. पडदाभर ओठ हलतात, ‘रोझबड’ हा शब्द येतो, गोळा पायऱ्यांवरून घरंगळून फुटतो. दार उघडून नर्स आत येते ती काचेच्या तुकड्यात, वाकडीतिकडी दिसते. (ती नंतर आली, तर तो शब्द ऐकला कुणी? पुढे बटलर मी ऐकला म्हणतो, तरी वाद मिटलेला नाही.)

हे सगळं जेमतेम तीन मिनिटांत. खरी करामत यानंतरची आहे. कानठळ्या बसवत बातमीपट सुरू होतो आणि नऊएक मिनिटांत केनची संपत्ती, वृत्तपत्रं, दोन लग्नं, निवडणुकीतली हार, मृत्यू, सगळं सांगून मोकळा होतो. रहस्यपटात माहिती दडवतात. इथे पोतं उलटं केलंय, तरी त्या एका शब्दाचा पत्ता नाही. माझ्या मते कुतूहल पेटतं ते नेमकं इथे.

बातमीपट संपतो तेव्हा धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत पत्रकार बसलेले असतात आणि संपादक एकाला त्या शब्दामागे पिटाळतो. चेहरे जवळपास दिसतच नाहीत. प्रसंग स्टुडिओच्याच प्रोजेक्शन रूममध्ये, ‘चाचणी चित्रीकरण’ या नावाखाली उरकलेला. बारकाईने पाहिलं तर त्या अंधारात जोसेफ कॉटनही आहे, जो पुढे केनचा जिवलग मित्र होऊन आपल्यासमोर येतो.