कोंडा: तेलावर जगणारं बिऱ्हाड

खांद्यावर पांढरे कण दिसले की घरातलं कुणीतरी सांगतं, डोकं कोरडं पडलंय, रात्री तेल जिरव. तेलाने खवले केसांना चिकटतात, त्यामुळे कोंडा गेल्यासारखा वाटतो. खरी गोष्ट बऱ्याचदा उलटी असते.

आपल्या डोक्यावर मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक बुरशी, राहतं. ज्यांना कधीच कोंडा झाला नाही, त्यांच्याही! फ्रान्समधल्या लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये त्याचं वर्णन केलं. या यीस्टचा जीनोम २००७ मध्ये वाचला गेला, तेव्हा एक नवल कळलं: स्वतःची मेदाम्लं बनवायचं जनुकच त्याच्याकडे नाही. प्रयोगशाळेतही त्याला तेल घालूनच वाढवावं लागतं.

डोक्यावर ते त्वचेतून पाझरणारं तेल फोडतं, त्यातली संपृक्त मेदाम्लं खातं आणि ओलिक आम्लासारखी असंपृक्त मागे ठेवतं. काहींच्या त्वचेला हे उरलंसुरलं झोंबतं. एरवी त्वचेची पेशी महिनाभर पिकते आणि नकळत गळते. इथे ती घाई करते, अर्धवट पिकलेल्या पेशी गठ्ठ्याने सुटतात आणि तोच कोंडा. हे वाढून लाली, पिवळसर तेलकट खवले आले, भुवया नि नाकाच्या कडाही सोलू लागल्या, की डॉक्टर त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. तान्ह्या बाळाच्या टाळूवरची पिवळी खपली याच कुळातली. ती बहुधा काही महिन्यांत आपोआप जाते.

औषधाची करामत मला याहून मोठी वाटते. बुरशीच्या पेशीचं आवरण एर्गोस्टेरॉलवर उभं असतं, आपल्या पेशींचं कोलेस्टेरॉलवर. केटोकोनॅझोल नेमकी एर्गोस्टेरॉलची घडण अडवतं. पण केटोकोनॅझोलचा शाम्पू लावल्या लावल्या धुऊन टाकला तर उपयोग नाही. तो केसांना नव्हे, कातडीला लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. साधारणपणे आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. मग आठवड्या-पंधरवड्याने एकदा. थांबलात की कोंडा परततो. त्यात औषध हरलं असं नाही, यीस्ट तिथलंच रहिवासी आहे. थंडीत आणि ताणात त्रास वाढतो, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

जाड चंदेरी चट्टे दिसले किंवा केसांचे पुंजके गळू लागले, तर मात्र शाम्पू बदलत बसू नका. ते सोरायसिस किंवा गजकर्ण असू शकतं, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.