शर्यतीचा प्रारंभ आणि जमिनीचा रेटा

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी वसलेल्या बेला, जैनद या भागांत, तसेच उटनूरकडील आश्रमशाळांत चपळ मुलांची वाण नाही. तथापि गावच्या मैदानावर सर्वांच्या पुढे असणारा मुलगा मोठ्या स्पर्धेत पहिल्या दहा मीटरांतच मागे पडला, तर त्याचे पाय कमी पडले असे मानले जाते. वस्तुतः पुष्कळदा उणीव पायांत नसून प्रारंभात असते.

मनुष्य पुढे जातो तो जमिनीला मागे रेटूनच. जितका जोराचा रेटा मागे, तितकी गती पुढे. ताठ उभ्या माणसाचा रेटा बहुतांशी खाली जातो. ओणव्या बैठकीत मात्र शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या पुढे येतो आणि तोच रेटा मागच्या दिशेने लावता येतो. 'सेट' या आज्ञेवर कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर येते. पुढच्या गुडघ्यात साधारण ९० अंशांचा, तर मागच्या गुडघ्यात १२० ते १३० अंशांचा कोन असावा. इशारा होताच दोन्ही पाय रेटा देतात. मागच्या पायाचा रेटा तीव्र पण क्षणिक असतो. पुढचा पाय अधिक काळ टेकून राहतो, म्हणून गतीचा मोठा वाटा त्याचा. इशाऱ्यापासून पाय सुटेपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात निष्णात धावपटू सेकंदाला तीन मीटरांहून अधिक वेग मिळवितो.

हा वेग दोन चुकांनी वाया जातो. एक, मान वर करून अंतिम रेषेकडे पाहणे. त्यायोगे धड उभे होते व रेटा वर जातो. दुसरी, पहिले पाऊल फार लांब टाकणे. गुरुत्वमध्याच्या पुढे पडलेले पाऊल गतीला अडसरच ठरते.

पायांना आधार देणारे ठोकळे आज मोठ्या स्पर्धांत ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींना आवश्यक असले, तरी ते फार जुने नाहीत. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना १९३७ साली मान्यता दिली आणि ऑलिंपिकमध्ये ते १९४८ साली लंडन येथे प्रथम आले. १९३६ साली बर्लिन येथे चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या जेसी ओवेन्स यांनी खुरप्यासारख्या हत्याराने खड्डे खणूनच प्रारंभ केला होता. त्याच प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांचे प्रदर्शन केले. त्यात खो-खोही होता.

खो-खोचा उल्लेख येथे सहेतुक आहे. चौकोनात दबा धरून बसलेला खेळाडू 'खो' मिळताच उसळतो, त्या क्रियेत ओणव्या प्रारंभाचे पुष्कळसे शिक्षण आपोआप घडते. 'खो' मिळण्यापूर्वी उठणे हा तेथे नियमभंग होय. धावण्याच्या शर्यतीत इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत झालेली हालचालही चुकीचा प्रारंभ ठरते, कारण ऐकून हालचाल करण्यास इतका कमी वेळ पुरत नाही असे मानले जाते. २०१० पासून एकाच चुकीला धावपटू बाद होतो; २०११ साली दक्षिण कोरियातील देगू येथे उसेन बोल्टही असाच बाद झाला. ज्याने ठोकळे प्रथमच स्पर्धेच्या दिवशी पाहिले, त्या मुलाची काय अवस्था होत असेल!

सुदैवाने सरावाला महाग साहित्य लागत नाही. रेषेपासून स्वतःच्या दोन पावलांवर पुढचा पाय आणि तीन पावलांवर मागचा, हे माप प्रारंभी पुरेसे आहे. आदिलाबादची काळी जमीन पावसात निसरडी होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा खड्डा खणल्यास त्याच्या मागील बाजूस तिरपी फळी खुंट्यांनी पक्की करावी. तेही शक्य नसल्यास सोबत्याने मागे बसून आपले तळवे धावणाऱ्याच्या टाचांमागे टेकवावेत. खिळ्यांचे बूट असल्यास मात्र असे मुळीच करू नये.