दुचाकींचा ताफा आणि रस्त्यावरील पहिली काही मिनिटे

पावसाळा सुरू झाला की वसई-विरारपासून पालघरपर्यंतच्या गावांतून तरुणांच्या मोटारसायकली गटागटाने घाटवाटांकडे निघतात. कुणी जव्हारला जातात, कुणी माळशेजला, तर कुणी थेट आंबोलीपर्यंत मजल मारतात. अलीकडे उन्हाळ्यात लडाख गाठणारेही कमी नाहीत. अशा सहलींविषयी घरोघरी दोन तट पडलेले असतात. त्या वादात शिरण्याचा आमचा मानस नाही. ताफ्यातील एखाद्यावर वाटेतच वैद्यकीय संकट ओढवले, तर रुग्णवाहिका येईपर्यंत इतरांनी काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होते. सोबत दहा-बारा जण असले की आपण अधिक सुरक्षित आहोत, असे प्रत्येकालाच वाटते. ते काही अंशी खरेही आहे, कारण एकटा प्रवासी रात्री दरीच्या कडेला पडला तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. परंतु एक जण पडताच बाकीचे सारे जण एकाच वेळी त्याच्याकडे धावतात, गाड्या वळणावरच वेड्यावाकड्या उभ्या राहतात, आणि मागून येणारा ट्रक त्या घोळक्यात शिरतो. रुग्णवाहिकेला दूरध्वनी दुसऱ्या कुणीतरी केला असेल, असे समजून कुणीच करीत नाही, असेही घडते. हात पुष्कळ असतात. पण कामे आधी वाटून दिलेली नसली, तर ते एकमेकांच्या आड येतात.

म्हणूनच निघण्यापूर्वी पाच मिनिटे थांबून कामे ठरवावीत. सर्वांत पुढे कोण आणि सर्वांत मागे कोण, हे बहुतेक गट ठरवतात. मात्र प्रथमोपचार जाणणारा आणि औषधांची पेटी बाळगणारा स्वार मागे असावा, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. कारण उघड आहे. जो पडतो तो शेवटच्या स्वाराच्या पुढेच असतो. पुढच्याला मात्र अपघाताची वार्ता कळून मागे वळेपर्यंत बहुमोल वेळ गेलेला असतो. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असावी. तीत नाव, रक्तगट, घरचा दूरध्वनी क्रमांक, जुना आजार, चालू औषधे आणि न सोसणारे औषध यांची नोंद करावी. भ्रमणध्वनीला कुलूप असते, चिठ्ठीला नसते.

अपघात घडल्यावर पहिले काम जखमीचे नव्हे, रस्त्याचे आहे. बाकीच्या गाड्या रस्त्याबाहेर घ्याव्यात. दोघांनी दोन्ही दिशांना वळणाच्या पलीकडे जाऊन, रस्त्याच्या कडेने उभे राहून, विजेरी किंवा चमकती पट्टी हलवीत वाहने सावकाश करावीत. पडलेल्या गाडीची चावी बंद करावी, पेट्रोल सांडले असेल तर कुणालाही विडी-सिगारेट पेटवू देऊ नये. पाय गाडीखाली अडकला असेल तर सायलेन्सर कोठे टेकला आहे ते आधी पाहावे. त्याच्या चटक्याने खोल भाजते. एकाच ठरलेल्या व्यक्तीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ११२ हा सर्व तातडीच्या सेवांचा सामायिक क्रमांक होय, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही चालतो. बोलताना महामार्गाचे नाव, किलोमीटरचा दगड, कोणत्या दिशेची बाजू, जखमी किती आणि शुद्धीवर किती, एवढे सांगावे. घाटात संपर्क मिळत नसेल तर दोघांना मिळून जवळच्या गावाकडे पाठवावे.

यानंतरच्या गोष्टीत सद्भावनेनेच सर्वाधिक हानी होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. चार जणांनी हातपाय धरून जखमीला उचलायचे, रिक्षात कोंबायचे आणि निघायचे, ही आपली जुनी रीत. मानेचा मणका मोडलेला असेल, तर या एका उचलण्याने मज्जारज्जूला इजा होऊन तरुण माणूस जन्मभरासाठी पांगळा होऊ शकतो. आग, वाहत्या पाण्याचा लोंढा, कोसळणारी दरड असा तत्काळ धोका नसेल तर त्याला हलवू नये. एकाने त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसावे, दोन्ही तळहातांनी डोके जसे आहे तसे स्थिर धरावे, आणि त्याच्याशी बोलत राहावे.

हेल्मेटविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. श्वास नीट चालू असेल तर ते काढण्याची घाई नको. काच वर करावी, पट्टा सैल करावा. पण श्वास थांबला असेल, अडखळत असेल, किंवा उलटीने घसा भरत असेल, तर ते काढलेच पाहिजे, कारण श्वास हा मणक्याहून आधी येतो. ते दोघांनी मिळून काढावे. एकाने खालून मान व जबडा स्थिर धरावा, दुसऱ्याने हेल्मेटच्या बाजू थोड्या फाकवून हळूहळू वर ओढावे. घरी बसून दोन वेळा सराव केला तर हे जमते.

तोंडात पाणी घालणे ही आपली दुसरी रीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात उतरते. शुद्धीवर असला तरी पुढे शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असतो, म्हणून त्याला काहीही देऊ नये. फार तर ओठ ओले करावेत. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्यानेही काही साधत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबावे आणि दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे. शरीरात रुतलेली वस्तू उपसून काढू नये.

सर्वांत फसवा जखमी मात्र कोणता, तर पडल्याबरोबर उठून कपडे झटकणारा आणि “मला काही झालेले नाही” असे सांगणारा. मित्रांपुढे कमीपणा नको, सहल मोडायला नको, म्हणून तो हसतो. डोक्याला मार लागल्यावर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू लागते, तेव्हा मधला काही काळ माणूस अगदी ठीक बोलतो-चालतो आणि नंतर झपाट्याने ढासळतो. क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, नेमके काय घडले ते आठवत नसेल, वारंवार उलटी होत असेल, डोकेदुखी वाढत असेल, झोप अनावर होत असेल, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव येत असेल, तर जवळचे मोठे रुग्णालय गाठलेच पाहिजे. पोटाचेही तसेच आहे. हँडलचे टोक पोटात रुतून प्लीहा किंवा यकृत फाटते, वर कातडीवर साधा ओरखडाही दिसत नाही. पोट ताठर होणे, डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखणे, अंग गार व घामेजलेले पडणे, नाडी जलद पण क्षीण होणे ही आतल्या रक्तस्रावाची चिन्हे असू शकतात. अशा स्वाराला पुन्हा गाडीवर बसू देऊ नये. त्या दिवसापुरता त्याचा शब्द प्रमाण मानू नये.

न पडताही संकट येतेच. आता ताफ्यांत चाळिशी-पन्नाशीचे गृहस्थ पुष्कळ असतात. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशा तक्रारीला पित्त समजून सोडा पाजणे थांबवावे. माणूस बेशुद्ध असून त्याचा श्वास नीट चालत नसेल, नुसते अधूनमधून आचके येत असतील, तर हृदय थांबले आहे असे समजून छातीच्या मध्यभागी जोराने दाब द्यावेत. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, आणि पाच ते सहा सेंटीमीटर खोल. दोन मिनिटांत देणारा दमतो, म्हणून आळीपाळीने द्यावेत. अनेक हात येथे खरोखर उपयोगी पडतात. मधुमेही स्वार एकाएकी चिडचिडा, भ्रमिष्ट झाला, घामाने थबथबला, तर शुद्धीवर असेपर्यंत त्याला साखर किंवा गोड सरबत द्यावे. उन्हाळ्यात वाऱ्याने घाम लगेच वाळतो, त्यामुळे शरीर कोरडे पडत आहे हे कळतच नाही. तो असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापले, तर जाकीट उतरवून सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे व वारा घालावा. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे.

लडाखची गोष्ट निराळी. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तर खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. समुद्रकाठच्या माणसाने लेहला पोहोचल्यावर निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखी व मळमळ ही पहिली सूचना असते. बसल्या जागी धाप, फेसाळ खोकला, दारुड्यासारखे झोकांडे ही प्राणघातक अवस्थेची चिन्हे होत. त्यावर खाली उतरणे हाच मुख्य उपाय असून प्राणवायूची नळकांडी तोवरचा आधार आहे. कार्यक्रम ठरलेला असल्याने अनेक जण डोकेदुखी लपवतात. अशा सोबत्याला खोलीवर एकटे ठेवून इतरांनी पुढे जाणे धोक्याचे असते.

“पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार?” ही भीती आता निराधार आहे. प्रत्येक डॉक्टरने जखमीवर प्रथम उपचार केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. जखमीला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळण्याची योजना लागू झाली आहे. रुग्णालयाच्या खिडकीवर तिची चौकशी जरूर करावी.

उरते घरी कळवण्याचे काम. तेही एकाकडेच द्यावे. घटनास्थळाची छायाचित्रे गटात फिरू लागली, की आईला मुलाचे रक्ताने माखलेले जाकीट भ्रमणध्वनीवर आधी दिसते आणि दूरध्वनी नंतर येतो. कळवणाऱ्याने रुग्णालयाचे नाव, गाव आणि आपला क्रमांक प्रथम सांगावा, समोरच्याकडून तो लिहून घ्यावा, आणि शेजारी कुणी आहे का ते विचारून त्यांनाही बोलवायला सांगावे.