शिकारी रायफल बांधून घेताना कॅलिबर कसे ठरवावे?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्क आणि म्यूल डिअर या हरणांची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात करता येते. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे.) तिथले अनेक हौशी शिकारी कारागिराकडून मनाजोगती रायफल बांधून घेतात. दस्ता किंवा दुर्बीण पुढे केव्हाही बदलता येते. कॅलिबर बदलायचे तर निदान नळी नवी घ्यावी लागते. म्हणून हा निर्णय सर्वांत आधी आणि नीट विचार करून घ्यावा. त्याची कसोटी एकच: जनावर लवकरात लवकर, यातना न होता पडले पाहिजे.

आधी जनावर, मग कायदा

म्यूल डिअरचा नर साधारण १०० किलोच्या आसपास भरतो, तर एल्कचा नर ३०० किलोंच्याही पुढे जातो. एल्कची हाडे जाड आणि छाती खोल असते, त्यामुळे गोळी आतवर पोचणे महत्त्वाचे. कोलोरॅडोच्या नियमानुसार मोठ्या जनावरांसाठी रायफलीचे कॅलिबर किमान .२४ इंच लागते. गोळी लक्ष्यात शिरल्यावर फुलणारी असावी. म्यूल डिअरसाठी तिचे वजन किमान ७० ग्रेन आणि एल्कसाठी ८५ ग्रेन हवे. पण कायद्याची ही किमान मर्यादा आहे, शिफारस नव्हे. एल्कसाठी अनुभवी शिकारी सहसा १४० ते १८० ग्रेनच्या गोळ्या वापरतात.

व्यास एक, काडतुसे अनेक

.३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिन्ही काडतुसांतली गोळी .३०८ इंच व्यासाचीच असते. फरक असतो तो पुंगळीचा आकार आणि तिच्यात मावणारी दारू यांत. .३०-०६ हे १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी आले आणि आजही शिकाऱ्यांचे भरवशाचे काडतूस आहे. .३०८ हे १९५२ चे, आखूड आणि आटोपशीर. .३०० मॅग्नम १९६३ चे, तिघांत सर्वांत जोरकस. यांच्या जोडीला २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर आहे. त्याची गोळी बारीक पण लांब असल्यामुळे ती वाऱ्यात कमी ढळते.

खांद्याला किती सोसते?

सारख्या वजनाच्या रायफली घेतल्या, तर .३०० मॅग्नमचा धक्का .३०८ च्या साधारण दीडपट बसतो आणि ६.५ क्रीडमूरचा सुमारे दोन-तृतीयांश. डोंगर चढायचा म्हणून रायफल हलकी केली, की धक्का आणखी वाढतो. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि गोळी छातीऐवजी पोटात लागते. असे जखमी एल्क मैलोन्मैल पळून तडफडत मरते. जोरकस काडतूस ही चूक भरून काढू शकत नाही. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी मित्राची किंवा रेंजवरची रायफल घेऊन त्या काडतुसाच्या वीसेक गोळ्या झाडून पाहाव्यात. शेवटच्या गोळ्याही पहिल्यांसारख्याच नेमक्या लागत असतील, तर ते काडतूस आपल्याला सोसते.

अंतराचा हिशेब

मॅग्नमचा फायदा ऐकायला मोठा वाटतो. २०० यार्डांवर नेम जुळवलेल्या .३०८ ची गोळी ३०० यार्डांवर साधारण ८ ते ९ इंच खाली लागते; .३०० मॅग्नमची सुमारे ७ इंच. एल्कच्या छातीचा मर्मभाग फूटभराहून मोठा असतो, त्यामुळे एवढ्या अंतरापर्यंत हा फरक फारसा जाणवत नाही. त्याही पुढच्या अंतरावर नियमित सराव असेल, तरच मॅग्नमची जादा ताकद कामी येते.

ॲक्शन आणि नळीचा पीळ

काडतुसाची लांबी ॲक्शन, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये भरणारी बोल्टची यंत्रणा, ठरवते. .३०८ आणि ६.५ क्रीडमूर आखूड ॲक्शनमध्ये बसतात; .३०-०६ आणि .३०० मॅग्नमला लांब ॲक्शन लागते. मॅग्नमच्या पुंगळीचे बूड रुंद असल्याने बोल्टचे तोंडही वेगळे लागते.

नळीतले आटे किती इंचांत एक वेढा पूर्ण करतात, तो तिचा पीळ. .३०८ साठी दहा इंचांत एक वेढा योग्य, ६.५ क्रीडमूरच्या लांब गोळ्यांना आठ इंचांत एक लागतो. तांब्याच्या गोळ्या वापरायच्या असतील, तर हे आधीच सांगावे. शिशापेक्षा तांबे हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला घट्ट पीळ लागतो. शिशाचे कण जनावराच्या अवशेषांत राहून गिधाडे आणि गरुड यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. कोलोरॅडोतही स्वेच्छेने तांबे निवडणे हेच जबाबदारीचे.

कारागिराचे काम जवळून

कारागीर रीमरने नळीच्या मागच्या टोकाला चेंबर कोरतो आणि दोन पोलादी मापकांनी ते तपासतो. ‘गो’ मापकावर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’ वर होता कामा नये. .३०८ साठी ही मापे १.६३० आणि १.६३४ इंच आहेत. फरक जेमतेम ०.१ मिलिमीटर, कागदाच्या एका पानाएवढा. पुंगळी फाटणार की सुरक्षित राहणार, हे या फरकावर अवलंबून असते. सर्वमान्य काडतुसाचे रीमर आणि मापके सहज मिळतात, आणि त्याच्या गोळ्या आडगावच्या दुकानातही सापडतात. हंगामाच्या आदल्या दिवशी सामानाची पेटी हरवली, तर दुर्मीळ काडतुसाची रायफल निरुपयोगी ठरते.

मग निवडायचे काय?

मुख्यतः म्यूल डिअर आणि अधूनमधून मध्यम अंतरावर एल्क असेल, तर ६.५ क्रीडमूर पुरते. दोन्ही जनावरांसाठी एकच रायफल हवी असेल, तर .३०८ किंवा .३०-०६ घ्यावे, बहुतेकांसाठी हीच योग्य निवड आहे. .३०० मॅग्नम फक्त धक्का पचवणाऱ्या, लांबवर नियमित सराव करणाऱ्या शिकाऱ्याने घ्यावे. मॅग्नम टाळून वाचलेले पैसे काडतुसांत घालून सराव करावा: बसून, गुडघ्यावर, चढण चढून दम लागलेला असताना. अशा स्थितीत जिथवर प्रत्येक गोळी आठ इंची वर्तुळात बसते, तेवढेच आपले अंतर. त्यापलीकडच्या जनावरावर चाप ओढू नये.