हँडल कोणाच्या हाती?

२०१६ साली महाराष्ट्र शासनाने रिक्षाच्या नव्या परवान्यांत महिलांसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले. त्या रिक्षांना अबोली रंग दिला. पुढाऱ्यांच्या हस्ते नारळ फुटले, वृत्तपत्रांत फोटो झळकले. काही भगिनींनी खरोखरच हँडल हाती घेतले आणि त्या आजही मानाने धंदा करीत आहेत. त्यांना आमचा क्रांतिकारी जयभीम! परंतु अनेक ठिकाणी अबोली रिक्षात चालकाच्या जागी पुरुष बसलेला दिसू लागला. परवाना बाईच्या नावावर, कर्ज बाईच्या नावावर, सही बाईची. आणि गाडी नवऱ्याच्या, दिराच्या नाही तर कुणा शेठच्या ताब्यात. सरपंचबाईंच्या खुर्चीवर जो प्रकार झाला तोच रिक्षाच्या सीटवर झाला.

२०२४ साली पिंक ई-रिक्षा योजना आली. राज्यातील १७ शहरांत १० हजार महिलांना रिक्षा देण्याचे उद्दिष्ट. किमतीच्या २० टक्के शासन देणार, १० टक्के त्या महिलेने भरायचे आणि ७० टक्के बँकेचे कर्ज. रंग अबोलीचा गुलाबी झाला. प्रश्न मात्र जागेवरच आहे. हँडल कोणाच्या हाती?

सगळा दोष पुरुषांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, आणि तो दोष आहेच. पण आमच्या वस्त्यांतील ज्या मायबहिणींशी आम्ही या विषयावर बोललो, त्यांचे उत्तर साधे होते : "दादा, गाडी आली, पण चालवता येत नाही. भीती वाटते." चार दिवस कुणीतरी मैदानात फिरवून आणले, पाचव्या दिवशी रस्त्यावर ट्रक अंगावर आल्यासारखा वाटला आणि सहाव्या दिवशी चावी नवऱ्याकडे गेली. ती परत आली नाही.

वाहन आणि जात यांचे नाते आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. तरीही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या बाबासाहेबांच्या आठवणींतील एक प्रसंग इथे सांगावाच लागेल. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतीच्या वाटेवर चाळीसगावच्या समाजबांधवांनी त्यांना एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ होते, पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. तासाभराने तडजोड निघाली : टांगा भाड्याने देऊ, हाकणार मात्र नाही. बांधवांना वाटले, प्रश्न सुटला. त्यांच्यातलाच एक जण लगाम धरून बसला. टांगा हाकणे हा त्यांचा धंदा नव्हता, कुणालाच ते येत नव्हते. दोनशे पावलांवर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीपुलाकडे काटकोनात वळायचे होते. त्या वळणावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

हा प्रसंग सांगताना आपण टांगेवाल्याच्या जातिअहंकारावर बोट ठेवतो. ते बरोबरच आहे. बॅरिस्टरपेक्षाही स्वतःला श्रेष्ठ समजणारा टांगेवाला हा मनुवादाचा अस्सल नमुना होय. पण बाबासाहेबांनी त्याच प्रसंगात आपल्या माणसांविषयीही एक गोष्ट नोंदवली आहे, ती आपण गाळतो. पाहुण्याची प्रतिष्ठा राखण्याच्या भरात त्याच्या जिवाची सुरक्षितता या मंडळींच्या ध्यानातून सुटली, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. लगाम धरणाऱ्याला आधी वाटले यात काय आहे. प्रत्यक्ष हाकताना जबाबदारीची जाणीव झाली आणि तो इतका घाबरला की त्याने सगळे सोडूनच दिले. टांगा मिळणे वेगळे आणि हाकता येणे वेगळे! पिंक रिक्षाच्या चाव्या वाटताना टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे.

तेव्हा शिकायचे म्हणजे नेमके काय, हे नीट पाहू. एका वस्तीतील विहारामागच्या मैदानात रविवारी सकाळी पाच-सहा जणी रिक्षा शिकतात, वस्तीतलेच एक जुने रिक्षावाले काका शिकवतात. आम्ही दोन-तीन रविवार तिथे उभे राहून पाहिले. जे पाहिले त्यावरून आमचे मत असे झाले की रिक्षा ही ना मोटारसायकल, ना मोटार. तिचे हँडल दुचाकीसारखे, म्हणून माणूस फसतो. जिला स्कूटी येते तिला रिक्षा लवकर येईल असे आपल्याला वाटते. उलट तिलाच पहिले आठ दिवस जड जातात. दुचाकी वळताना अंग झुकवावे लागते. रिक्षात अंग कितीही झुकवा, गाडी सरळच जाते. काका सारखे ओरडत होते, "ताई, अंग नका वाकवू, हँडल वळवा!" दुसरी खोड पाय बाहेर टाकण्याची. स्कूटी डुगडुगली की पाय आपोआप जमिनीवर जातो. रिक्षा काही थांबल्यावर पडत नाही, आणि बाहेर टाकलेला पाय मागच्या चाकाखाली सापडू शकतो. ही सवय पहिल्याच दिवशी मोडली पाहिजे.

मग रिक्षा पडतच नाही का? पडते, आणि वळणावरच पडते. घरातली तिपाई आठवा. जमीन उंचसखल असली तरी तिपाई डुगडुगत नाही, पण दोन पायांच्या मधल्या बाजूला जोर दिला की पटकन कलंडते. रिक्षाचे तसेच. मागे दोन चाके, पुढे एक. म्हणजे मागे पाया रुंद आणि पुढे निमुळता. वेगात वळताना भार बाहेरच्या बाजूला जातो, त्यातच ब्रेक दाबला की तो पुढेही जातो. म्हणजे भार नेमका अशा कोपऱ्यावर येतो जिथे चाकच नाही! म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा, आणि वळणात हलकी रेस ठेवून बाहेर पडायचे. आतल्या बाजूचे चाक उचलले जातेय असे वाटले तर ब्रेकवर उभे न राहता, पुढे मोकळी जागा पाहून हँडल थोडे सरळ करायचे. चाक खाली बसते. सीटच्या शेजारी, हँडलजवळ जादा प्रवासी बसवणे वाईट ते याचसाठी. एक तर त्याच्या गुडघ्याने हँडल अडते, आणि दुसरे म्हणजे त्याचे सगळे वजन त्या निमुळत्या टोकाकडे पडते. दहा-वीस रुपयांसाठी हा धोका पत्करणारे पुरुष चालक आपण रोज पाहतो. भगिनींनी त्यांचा हा गुण घेऊ नये.

खड्ड्यांचे गणितही वेगळे आहे. दुचाकीचा माग एक, मोटारीचे दोन, रिक्षाचे तीन. पुढचे चाक खड्ड्याशेजारून सफाईने काढले की नवशिक्याला वाटते आपण जिंकलो. तेवढ्यात मागचे चाक त्यात आदळते. कुठला खड्डा पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधून जाईल आणि कुठला सरळ टाळायचा, हे डोळ्याला बसायला वेळ लागतो. काकांनी मैदानात विटा मांडून हेच करून घेतले. आधी विटांमधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरणे, मग अरुंद जागेतून रिव्हर्स, मग उतारावर थांबून पुन्हा गाडी उचलणे. गतिरोधकावर गाडी तिरकी न घालता सरळ घालायची, म्हणजे मागची दोन्ही चाके एकदम चढतात आणि गाडी एका अंगावर कलत नाही. डाव्या मुठीने क्लच दाबून त्याच मुठीने गिअर फिरवायचा असतो. सुरुवातीला मनगट भरून येते, ते पंधरा दिवसांत जाते. ई-रिक्षात ही कटकट नाही, पण तिथे दुसरी गोष्ट : तिचा आवाज नाही. पायी जाणाऱ्याला मागून गाडी आल्याचे कळतच नाही, म्हणून गल्लीत आणि शाळेपाशी चालणाऱ्याने ऐकले असेल असे गृहीत धरू नये.

आम्हाला सर्वात आवडले ते पोत्यांचे. माणसे बसवण्याआधी काकांनी मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवली. रिकामी रिक्षा आणि भरलेली रिक्षा या जणू दोन वेगळ्या गाड्या असतात. ब्रेक लागायला अंतर वेगळे लागते, चढ वेगळा जाणवतो. पोते आपटले तर कुणाचे डोके फुटत नाही. चाळीसगावला १९२९ साली अशी तालीम करायला कुणाला सवड मिळाली नव्हती.

काकांची फी? चहा. पेट्रोलचे पैसे शिकणाऱ्या जणी वाटून घेतात.

आता लायसन्सविषयी. वाहतुकीच्या वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती, ती केंद्र सरकारने २०१९ साली काढली. शाळा सुटलेल्या आमच्या कितीतरी भगिनींच्या वाटेतला धोंडा त्यामुळे दूर झाला. पण आरटीओच्या दारात एजंट उभाच असतो. "टेस्टची काळजी करू नका मॅडम," असे तो म्हणतो. पैसे दिले की त्याच्याकडून कागद मिळतो, हात मिळत नाही. लर्निंग लायसन्सनंतर पक्क्या लायसन्सच्या टेस्टआधी किमान ३० दिवस मिळतात. ते दिवस लाल एल लावून, लायसन्सधारक माणसाला शेजारी बसवून रस्त्यावर घालवावेत, आणि भाडे अजिबात घेऊ नये. परवाना आपल्या नावावर असताना विनालायसन्स भाच्याच्या हाती गाडी देणाऱ्या ताईंनी एवढे ध्यानात घ्यावे की अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते. मालक म्हणजे कागदावरची ताई. भाचा नव्हे!

आमचे काही सुशिक्षित बांधव नाक मुरडतात. बाबासाहेबांनी आम्हाला कलेक्टर व्हायला सांगितले, तुम्ही बायकांना रिक्षा चालवायला काय सांगता? कलेक्टर व्हायलाच हवे. पण जी बाई आज चार घरची भांडी घासते, जिच्या मुलीची फी भरायची आहे, तिला कलेक्टरकीचे व्याख्यान देऊन पाठवायचे का? चार घरच्या मालकिणींची बोलणी ऐकण्यापेक्षा स्वतःच्या गाडीचे हप्ते स्वतः फेडणे आम्हाला अधिक स्वाभिमानाचे वाटते. आणि रिक्षा चालवणाऱ्या आईच्या मुलीला कलेक्टर होण्यापासून कुणी अडवलेले नाही. दुसरे नाक मुरडतात ते घरातले. "तू कशाला, मी चालवतो ना!" असे म्हणणारा नवरा जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून सर्वात पुढे असतो. त्याला आमचे सांगणे एवढेच, की एक रविवार बायकोशेजारी बस आणि गप्प बस. शिकणाऱ्याचा हात कापतो तो गाडीमुळे कमी आणि शेजारच्या ओरडण्यामुळे जास्त.

जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आमची मंडळे किती खर्च करतात ते मंडळांनाच ठाऊक. तेवढ्यात एक जुनी, चालू स्थितीतली रिक्षा फक्त शिकण्यासाठी घेता येईल. विहार आहे, बऱ्याच ठिकाणी शेजारी मैदान आहे, वस्तीत वीस-वीस वर्षे धंदा केलेले रिक्षावाले आहेत. हप्ता सुरू झालेल्या स्वतःच्या नव्या गाडीवर शिकताना ओरखड्याची धास्ती असते; मंडळाच्या जुन्या गाडीवर ती नसते. मंडळांनी पुढच्या बैठकीत जमाखर्चात ही एक ओळ घालावी, आणि शिकवणाऱ्याला चहाच्या पलीकडे काही मानधनही द्यावे.

शिकून झाल्यावर स्टँडचा प्रश्न येतो. रांगेत बाईची रिक्षा लागू न देणे, तिचे गिऱ्हाईक पळवणे, जातीवरून टोमणे मारणे, या तक्रारी आमच्या कानावर येत आहेत. त्यात आमचेच काही निळे झेंडे लावलेले स्टँडही आहेत. त्याविषयी पुढील लेखात.